धूर किती, यापेक्षा थेंब केवढा

गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या दोन दिवस आधी आपल्या हॉलमध्ये धूरफवारणी करून घेतली, ते अनेकांना आठवत असेल. फवारणी संपल्यावर विंगेतल्या पडद्यांवर तेलकट ठिपके होते, सतरंज्यांना डिझेलचा वास लागला होता आणि मागच्या पायऱ्या इतक्या निसरड्या झाल्या की एक काकू घसरता घसरता वाचल्या. एवढे होऊनही तिसऱ्या दिवशी बालनाट्याच्या तालमीत मुले पाय खाजवत बसलेली. मशीनवाल्याला विचारले तर त्याचे उत्तर तयार होते, "साब, धुआँ तो पूरा मारा ना!" आणि ते खरेच होते. धूर पुष्कळ होता.

उत्सवानंतरच्या कार्यकारिणीच्या बैठकीत दोन तट पडले. धूर कमी पडला, यंदा दुप्पट वेळ मारायला सांगू, असे एका गटाचे म्हणणे. हे विषारी प्रकरणच नको, असे दुसऱ्याचे. यंदा तिसरी सूचनाही आली आहे, की २०२० साली निर्जंतुकीकरणासाठी घेतलेले विजेचे मशीन स्टोअररूममध्ये धूळ खात पडले आहे, तेच वापरावे. या तिन्ही मतांमध्ये एक गोष्ट कोणीच विचारात घेतलेली नाही, ती म्हणजे थेंबाचा आकार. डास मरतो की नाही, हे मुख्यतः त्यावर ठरते. म्हणून हा लेख.

आधी तो 'धूर' म्हणजे काय ते पाहू. खरे तर तो धूर नाहीच, कारण त्यात काही जळलेले नसते. चहाच्या आधणावर जी पांढरी वाफ दिसते ते पाण्याचे बारीक थेंब असतात. तसेच फॉगिंग मशीनमधून निघणारे पांढरे लोट म्हणजे डिझेलचे अतिसूक्ष्म थेंब. मॅलॅथिऑन वापरतात तेव्हा एक भाग औषध आणि एकोणीस भाग डिझेल हे आपल्याकडचे नेहमीचे प्रमाण. म्हणजे डोळ्यांना दिसतो तो लोट जवळजवळ सगळा डिझेलचाच. टाकीत औषधाचा एक थेंबही न घालता नुसते डिझेल भरले, तरी तेवढाच दाट, तेवढाच पांढरा लोट निघेल. त्यामुळे लोटाच्या दाटपणावरून औषध किती पडले हे कळत नाही.

आता आकार. या थेंबांची मापे मायक्रॉनमध्ये सांगतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस ढोबळमानाने सत्तर मायक्रॉन जाड धरा. उडत्या डासासाठी १० ते २० मायक्रॉनचा थेंब सर्वांत कामाचा मानतात. म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा किंवा त्याहून लहान.

एवढा लहान कशासाठी? पहिले कारण हवेत तरंगण्याचे. तीन मीटर उंचीवरून, पंखे बंद असताना, १०० मायक्रॉनचा थेंब साधारण बारा सेकंदांत जमिनीवर येतो. ५० मायक्रॉनचा चाळीस सेकंदांत. २० मायक्रॉनचा चार मिनिटे घेतो आणि १० मायक्रॉनचा पंधरा-सतरा मिनिटे. हे औषध डासावर हवेतच बसायला हवे. बारा सेकंदांत फरशीवर पडलेला थेंब फरशी तेलकट करतो, डासाला शिवतही नाही. आपल्या पायऱ्या निसरड्या झाल्या त्या अशाच थेंबांनी.

दुसरे कारण संख्येचे. व्यास दुप्पट झाला की थेंबात आठपट द्रव मावतो, पाचपट झाला की सव्वाशेपट. चमच्याच्या पाचव्या हिश्शाएवढ्या, म्हणजे एक मिलिलिटर द्रवाचे २० मायक्रॉनचे थेंब केले तर ते सुमारे चोवीस कोटी होतात. तेवढ्याच द्रवाचे १०० मायक्रॉनचे थेंब जेमतेम एकोणीस लाख. औषध तेवढेच, पैसेही तेवढेच, पण हवेत भिरभिरणाऱ्या डासाला थेंब भेटण्याची शक्यता कुठल्या कुठे गेली.

मग आणखी बारीक का करू नयेत? पाच मायक्रॉनच्या खालचे थेंब इतके हलके असतात की डासाच्या अंगाभोवतून जाणाऱ्या हवेबरोबर तेही वळसा घालून निघून जातात, अंगावर आदळत नाहीत. शिवाय असे थेंब वाऱ्याबरोबर दूर वाहतात आणि माणसाच्या श्वासातून फुप्फुसात खोलवर जातात. म्हणजे डास सुटला आणि दमेकरी सापडला.

कुठलेही मशीन सगळे थेंब एकाच मापाचे काढत नाही. म्हणून मशीनच्या माहितीपत्रकात 'व्हीएमडी' नावाचा एक आकडा असतो. निघालेल्या द्रवापैकी निम्मा द्रव ज्या मापाहून लहान थेंबांत आहे आणि निम्मा त्याहून मोठ्या थेंबांत, ते हे माप. थेंब मोजून काढलेली साधी सरासरी इथे फसवते. शंभर मायक्रॉनचा एक थेंब वीस मायक्रॉनच्या सव्वाशे थेंबांचा माल एकटा खाऊन बसतो, आणि मोजणीत मात्र तो एकच भरतो. डासांसाठीच्या हवेतल्या फवारणीत हा आकडा ३० मायक्रॉनच्या आत असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा आहे. मशीन घेताना किंवा भाड्याने आणताना विचारायचा पहिला आकडा हाच. टाकी किती लिटरची, हे नंतर.

खांद्याला अडकवून नेतात ते फटफट आवाजाचे मशीन कसे चालते ते पाहिले की त्यात चूक कुठे होते तेही समजते. त्याचे इंजिन पल्स जेट प्रकारचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने लंडनवर सोडलेल्या 'व्ही-१' उडत्या बॉम्बचे इंजिन याच तत्त्वाचे होते. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण एका लहान कोठीत सेकंदाला कित्येक वेळा पेट घेते आणि तप्त वायू लांब नळीतून बाहेर फेकला जातो. नळीच्या टोकाजवळ औषध मिसळलेले डिझेल त्या वायूत सोडतात. उष्णतेने त्याची क्षणात वाफ होते आणि बाहेरची थंड हवा लागताच वाफेचे बारीक थेंब बनतात. औषध उष्णतेत क्षणभरच असते, म्हणून जळून जात नाही.

यात सगळी मेख आहे ती किती उष्णतेला किती द्रव, या हिशेबात. इंजिनाची उष्णता ठरलेली. तिच्या आवाक्यापेक्षा जास्त द्रव सोडला तर सगळ्याची वाफ होत नाही आणि उरलेला द्रव जाड थेंबांच्या रूपात नळीतून बाहेर पडतो. याला ओला फॉग म्हणतात. काम लवकर उरकायचे म्हणून मशीनवाला मोठ्या भोकाचे नॉझल लावतो, टाकी अर्ध्या वेळात रिकामी होते, लोटही जोरदार दिसतो आणि बघणारे खूश होतात. दुसरी चूक सुरुवातीची. इंजिन चालू केल्यावर नळी तापायला मिनिट-दोन मिनिटे द्यावी लागतात, मगच औषधाचा कॉक उघडायचा. आपल्या हॉलमध्ये मशीन दारातच सुरू करून कॉक लगेच उघडला होता, हे मी स्वतः पाहिले. पडद्यावरचे ठिपके दाराजवळच्या बाजूलाच जास्त का होते, ते तेव्हा लक्षात आले नव्हते.

बंद करतानाही क्रम उलटा नको. आधी औषधाचा कॉक बंद करायचा, नळीतला उरलेला द्रव निघून जाऊ द्यायचा, मग इंजिन. चालता चालता इंजिन अचानक बंद पडले तर कॉक ताबडतोब मिटवायला हवा, नाहीतर तापलेल्या नळीवर डिझेल पडून भडका उडतो. मशीन गरम असताना पेट्रोल भरणे तर सरळसरळ आगीशी खेळ आहे.

आता स्टोअररूममधल्या मशीनविषयी. ते थंड फॉगिंगचे आहे. त्यात उष्णता नाही. विजेवरचा ब्लोअर जोरात हवा फेकतो, नॉझलमध्ये ती हवा भोवऱ्यासारखी फिरते आणि द्रवाच्या धारेच्या चिंध्या करते. इथे थेंबाचे माप हवा आणि द्रव यांच्या प्रमाणावर अवलंबून. हवा तेवढीच ठेवून द्रव वाढवला की थेंब मोठे होतात. या मशीनवर द्रव कमी-जास्त करण्याची कळ आहे. २०२० साली आपण ती पूर्ण उघडून वापरत होतो, कारण तेव्हा खुर्च्या आणि दाराच्या मुठी ओल्या करायच्या होत्या. डासांसाठी नेमके उलटे हवे. कळ जवळजवळ मिटलेली, द्रव अगदी थोडा आणि हवा पूर्ण जोरात. हवेच्या फिल्टरमध्ये पाच वर्षांची धूळ बसली असेल तर हवेचा जोर कमी होऊन थेंब आपोआप जाड होतील. शिवाय त्या वेळचे हायपोक्लोराइट टाकीत आणि नॉझलमध्ये राहिले असेल तर धातूचे भाग खाल्ले गेले असण्याची शक्यता आहे. नॉझलचे भोक झिजून मोठे झाले की कळीवरचा आकडा काहीही दाखवो, थेंब मोठाच येणार.

आणखी एक अडचण पाण्याची. थंड फॉगिंगला पुष्कळदा पाण्यात कालवलेले औषध वापरतात. डिझेलचे नसल्याने डाग पडत नाहीत, वास नाही, ही मोठी सोय. पण कोरड्या हवेत पाण्याचा वीस मायक्रॉनचा थेंब सेकंदाभरात सुकून बारीक होतो. म्हणून अशा औषधात बाष्पीभवन रोखणारे द्रव्य आधीच घातलेले असावे लागते. भिंतीवर मारायचे औषध आणून पाणी घालून फॉगिंग मशीनमध्ये ओतणे चालत नाही. डबीवर हवेतल्या फवारणीसाठी असे लिहिलेले आहे का, ते पाहावे. आणि या फवारणीत लोट फारसा दिसत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. नाहीतर 'काही मारलेच नाही' अशी तक्रार हमखास येणार.

थेंबाचे माप तपासता येते का? येते. जाणकार लोक टेफ्लॉनचा किंवा मॅग्नेशियम ऑक्साइडचा लेप दिलेली काचेची पट्टी फॉगमधून झटक्यात फिरवतात आणि तिच्यावर उमटलेले ठसे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. थेंब काचेवर पसरतो किंवा लेपात खळगा करतो, म्हणून मोजलेल्या आकड्याला एका ठराविक गुणकाने गुणावे लागते. आपल्याला एवढ्या खोलात जायची गरज नाही. नळीपासून दोन-तीन मीटरवर काळी गुळगुळीत फरशी किंवा काच काही सेकंद धरा. वीस मायक्रॉनचा डाग नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा ठिपके स्वच्छ दिसत असतील तर थेंब मोठे आहेत, फवारणी थांबवून प्रवाह कमी करायला सांगायचे. ही चाचणी ढोबळ आहे, पण पडदे वाचवायला पुरेशी.

सूक्ष्मदर्शकाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवे, की डास आणि हिवताप यांचे नाते याच शहरात उलगडले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला ॲनॉफिलीस डासाच्या पोटाच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीच्या अवस्था दिसल्या. २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन त्यावरूनच. बेगमपेठेतली त्याच्या नावाची इमारत पुष्कळांनी जाता-येता पाहिली असेल. १९०२ मध्ये त्याला नोबेल मिळाले आणि त्याच वर्षी त्याने डासनिर्मूलनाच्या तुकड्या कशा उभाराव्यात यावर पुस्तक लिहिले. त्याचा सारा भर साचलेल्या पाण्यावर होता.

थेंब अगदी योग्य मापाचा असला तरी तो डास असेल तिथे आणि असेल तेव्हा पोहोचायला हवा. आपल्याकडे त्रास देणारे डास मुख्यतः दोन प्रकारचे. मुसीच्या आणि नाल्यांच्या काठाने वाढणारा क्युलेक्स संध्याकाळनंतर आणि रात्री चावतो. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो, सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर जास्त. तो घरातच पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे, पडद्याच्या घडीत बसून राहतो. रात्री आठ वाजता रस्त्यावरून गेलेली गाडी त्याच्यापर्यंत क्वचितच पोहोचते, तेही आपण दारे-खिडक्या उघड्या ठेवल्या तर. आणि आपण काय करतो? गाडीचा आवाज आला की धावत जाऊन सगळ्या खिडक्या लावतो. गाडीही सायकलपेक्षा हळू, ताशी आठ किलोमीटरच्या आसपास जायला हवी. भरधाव गेली की ती फक्त हजेरी लावून गेली, असे समजावे.

भर दुपारी फवारणी करू नये, याचे कारण हवेत आहे. तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते आणि बारीक थेंब तिच्याबरोबर गच्चीच्याही वर निघून जातात. पहाटे आणि संध्याकाळी जमिनीलगतची हवा थंड असते, फॉग खालीच रेंगाळतो. वारा ताशी पंधरा किलोमीटरच्या वर असेल किंवा पाऊस असेल तर फवारणी पुढे ढकलावी. हॉलपुरते पाहायचे तर सकाळी लवकरची वेळ एडिससाठी सर्वांत बरी.

बंद जागेत फवारणी करायची तर काही गोष्टींत हयगय चालणार नाही. हॉलचा मेन स्विच आणि स्वयंपाकघरातला गॅस सिलिंडरपाशीच बंद. तेलाचा दाट फॉग आणि एक ठिणगी एवढे आगीला पुरते. पाण्याची पिंपे आणि भांडी झाकलेली किंवा बाहेर, पडदे-सतरंज्या गुंडाळून ठेवलेल्या. फवारणीनंतर अर्धा तास दारे बंद, मग सगळी उघडून पुरेसा वारा खेळू द्यायचा आणि मगच माणसे आत. दम्याचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले त्या दिवशी हॉलमध्ये नकोतच. घरी फवारणी होणार असेल तर पिंजऱ्यातले पक्षी दुसरीकडे न्यावेत. माशांची टाकी तर बाहेरच काढावी, कारण पायरेथ्रॉइड गटाची औषधे माशांना फार थोड्या प्रमाणातही मारतात. मॅलॅथिऑनला २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 'माणसाला कर्करोगकारक असण्याची शक्यता' असलेल्या गटात घातले आहे. रोज हे काम करणाऱ्या मुलाने तोंडाला नुसता रुमाल बांधलेला असतो. त्याला योग्य मास्क, हातमोजे आणि कानाला बोळे मिळतात का, हे ठेकेदाराला विचारणे आपले काम आहे असे मला वाटते.

या फवारणीचा परिणाम त्या वेळी उडणाऱ्या डासांपुरताच असतो. भिंतीवर किंवा पडद्यावर टिकून राहणारे असे त्यात काही नसते. उन्हाळ्याच्या आसपास अळीचा डास व्हायला आठवडाभर पुरतो, म्हणजे आज फवारले आणि हॉलच्या संपात अळ्या असल्या की उद्या सकाळी नवे डास हजर. बालनाट्याच्या मुलांना तिसऱ्या दिवशी चावणारे डास तिथूनच आले असावेत, कारण उत्सवानंतर मागचा संप उघडला तेव्हा त्याचे झाकण एका कोपऱ्यात फुटलेले होते. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात संप, गच्चीवरची टाकी, पिंपे यांना पर्याय नाही, पण झाकणाला आहे. कूलर उन्हाळ्यानंतर रिकामा करून त्याची टाकी घासून ठेवावी. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण एडिसची अंडी पाण्याच्या रेषेजवळ कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात.

यंदापुरते माझे मत असे. मंडळाने नवे मशीन विकत घेऊ नये. डासांच्या औषधांची फवारणी व्यवसाय म्हणून करणाऱ्यांना कीटकनाशक अधिनियम १९६८ खाली परवाना लागतो, आणि आपल्यापैकी कोणी हौसेने नळी हातात धरावी असे हे काम नाही. परवाना असलेल्या माणसालाच बोलवावे आणि ठरवण्याआधी त्याला चार प्रश्न विचारावेत. औषध कोणते आणि किती प्रमाणात, नॉझल कोणत्या मापाचे, मशीनचा व्हीएमडी किती, आणि टाकी किती मिनिटांत संपते. शेवटच्या प्रश्नाला तो अभिमानाने फारच कमी मिनिटे सांगू लागला तर दुसरा माणूस शोधावा. स्टोअररूममधले मशीन त्यालाच एकदा तपासायला द्यावे. नॉझल शाबूत निघाले तर हॉलच्या आतल्या भागासाठी तेच उपयोगी पडेल, पडदेही वाचतील.

संपाच्या झाकणाचे माप घेऊन ठेवले आहे, साडेतीन फूट बाय अडीच फूट. ओळखीचा फॅब्रिकेटर कोणाकडे असेल तर चतुर्थीच्या आधीच्या रविवारपर्यंत कार्यालयात कळवावे. फवारणीच्या सकाळी काळी फरशी घेऊन मी दाराशी उभा असेन.